तमाशा, प्रसारमाध्यमे व प्रेक्षक : जुन्नर–आंबेगाव परिसर

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके ढोलकीफडाच्या तमाशाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख क्षेत्र होय. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तर ‘तमाशाची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. ग्रामदैवताच्या यात्रेत एकत्र जमलेले गाव हा या कलेचा प्रेक्षक आणि तिचा आश्रयदाताही होता. ध्वनिक्षेपक, नभोवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी, ध्वनिफीत आणि अखेरीस मोबाइल व इंटरनेट ही माध्यमे सु. सत्तर वर्षांच्या कालावधीत एकामागून एक या परिसरात आली. त्यांच्यामुळे तमाशाच्या सादरीकरणात बदल झाला. परंतु त्याहून मोठा बदल प्रेक्षकांच्या स्वरूपात झाला. एका रात्री एका ठिकाणी बसणारा जमाव विखुरला आणि तेच प्रेक्षक आपापल्या घरी, आपापल्या वेळी पाहणारे झाले. या स्थित्यंतराचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

या परिसराचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांनी व्यापलेला असून तेथे महादेव कोळी या आदिवासी जमातीची वस्ती आहे. पूर्वेकडील सपाट भागातून कुकडी, पुष्पावती, मीना व घोड या नद्या वाहतात. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण, तर मंचर ही त्यातील मोठी बाजारपेठ आहे. मंचर व मीना नदीकाठचे नारायणगाव ही दोन्ही गावे पुणे–नाशिक रस्त्यावर आहेत. कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे पूर्वभाग बागायती झाला व ऊस, द्राक्षे, कांदा, बटाटा, टोमॅटो ही नगदी पिके वाढली. त्याचा परिणाम यात्रांच्या खर्चावरही झाला. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या मंडळींची वर्गणी हा यात्रांचा दुसरा आधार होय. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी पुष्कळजण मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील असून गावच्या यात्रेसाठी ते दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस काही दिवस आपली सेवा बंद ठेवून गावी येतात.

फडांची परंपरा : नारायणगावचे नाव तमाशाशी जोडले गेले ते प्रामुख्याने भाऊ-बापू मांग नारायणगावकर या बंधूंच्या फडामुळे. भाऊ यांची कन्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी घराण्याची ही परंपरा कळसास नेली. १९५७ व १९९० या वर्षी त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. अखेरच्या काळात मात्र त्यांना आर्थिक विवंचनेस तोंड द्यावे लागले. त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभा करून ही परंपरा पुढे चालविली.

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी व वग ही ढोलकीफडाच्या तमाशाची परंपरागत अंगे होत (→ तमाशा). यांपैकी बतावणी व वग यांचा विचार माध्यमांच्या इतिहासात अवश्य केला पाहिजे. वृत्तपत्रे न पोहोचलेल्या व बहुसंख्य लोक निरक्षर असलेल्या खेड्यांत दुष्काळ, सावकारी, हुंडा, कोर्टकचेरी, निवडणूक अशा विषयांवरील लोकमत सोंगाड्याच्या तोंडूनच प्रकट होई. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा हाच गुण हेरून त्याच्या घाटावर जलसे उभे केले. जुन्नर व ओतूर हा भाग या चळवळीच्या प्रभावाखाली होता. म्हणजे नवी माध्यमे येण्यापूर्वी या परिसरात माध्यम नव्हते असे नसून, तमाशा हेच येथील एक प्रभावी माध्यम होते.

यात्रा, सुपारी व प्रेक्षक : या भागात ग्रामदैवतांच्या यात्रा मुख्यत्वे चैत्र व वैशाख या महिन्यांत भरतात. देवाला अभिषेक, मांडव डहाळ्यांची मिरवणूक, पालखीचा छबिना, बैलगाडा शर्यत, कुस्त्यांचा हगामा आणि रात्री तमाशा असा यात्रेचा सर्वसाधारण क्रम असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फड गावापुढे पुन्हा उभा राहतो, त्यास हजेरी म्हणतात. यात्रेतील तमाशाला तिकीट नसते. त्याची रक्कम गावाच्या वर्गणीतून दिली जाते. याउलट दसऱ्यानंतर बाहेर पडणारे मोठे फड तंबू व कनाती लावून तिकिटावर खेळ करतात. अशा मोठ्या फडात कलावंत, वादक, मजूर, वाहनचालक व आचारी मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात. हंगामापूर्वी कलावंतांना द्यावयाची उचल फडमालक बहुधा कर्ज काढून उभी करतात व हंगामाच्या प्राप्तीतून ते फेडतात. त्यामुळे एक हंगाम बुडाला, तरी त्याचा भार पुढील अनेक वर्षांवर पडतो.

यात्रांचा हंगाम जवळ आला, की नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक तेथे येतात, फडाची माणसे, नर्तकी, वग, वाद्ये व रोषणाई यांची चौकशी करतात आणि घासाघीस होऊन सुपारी ठरते. गुढीपाडवा हा या व्यवहाराचा सर्वांत महत्त्वाचा दिवस मानला जातो. व्यवहाराचा पाया म्हणजे फड अमुक रात्री अमुक गावी प्रत्यक्ष हजर राहील, हे वचन. गाव पैसे देते ते या हजेरीचे. तमाशाचे सारे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे आणि पुढील माध्यमांनी नेमका तिलाच धक्का दिला.

जुना प्रेक्षकवर्ग बव्हंशी पुरुषांचा होता. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया तमाशाला बसत नसत. कलावंत प्रामुख्याने मांग, महार, कोल्हाटी इ. समाजांतील असत. त्यांची कला रात्री डोक्यावर घेणारे गाव दिवसा त्यांना अंतरावर ठेवी. प्रेक्षक मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. शिट्या, टोपी-फेटे उडविणे, फर्माईश व दौलतजादा यांद्वारे तो खेळात भाग घेई आणि सोंगाडी त्याच्या प्रतिसादानुसार बतावणी लांबवी किंवा आटोपती घेई. रात्रभर चालणारा वग पहाटे संपे.

ध्वनिक्षेपक, नभोवाणी व चित्रपट : तमाशात प्रथम शिरलेले यंत्र म्हणजे ध्वनिक्षेपक. पलित्यांच्या व पुढे गॅसबत्त्यांच्या उजेडात, खड्या आवाजाच्या बळावर चालणारा खेळ जनित्र व कर्णे यांच्या साहाय्याने हजारोंच्या समुदायापुढे होऊ लागला. प्रेक्षकसंख्या वाढली, परंतु कलावंत माइकाजवळ खिळून राहिला आणि सुरत्यांच्या झीलपेक्षा वाद्यवृंदाच्या गोंगाटाला महत्त्व आले.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषक जिल्ह्यांतील सु. दीडशे खेड्यांत रेडिओ शेती-मंडळांचा प्रयोग करण्यात आला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. गावकरी ते एकत्र बसून ऐकत, त्यांवर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. प्रारंभीची नभोवाणी ही अशी चावडीवरची, सामुदायिक श्रवणाची गोष्ट होती. तिने जमाव मोडला नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर मात्र श्रवण हळूहळू घरगुती व व्यक्तिगत बनले.

चित्रपटाचा तमाशाशी असलेला संबंध दुहेरी आहे. अनंत माने यांचा सांगत्ये ऐका (१९५९) हा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. व्ही. शांताराम यांच्या पिंजरा (१९७२) या चित्रपटानेही मोठी लोकप्रियता मिळविली. तमाशाच्या विषयांवर, सुरांवर व ढोलकीवर चित्रपट पोसला गेला आणि नंतर त्याच चित्रपटांतील लावण्या ऐकविण्याची फर्माईश यात्रेतील प्रेक्षक फडाला करू लागला. रंगबाजीत चित्रपटगीतांचे प्रमाण वाढत गेले. कलावंताची तुलना आता शेजारच्या फडाशी न होता पडद्यावरील नटीशी होऊ लागली. शहरातील तमाशाचा प्रेक्षकही याच काळात आटला. मुंबईच्या गिरणगावातील लालबागचे हनुमान थिएटर व पुण्याचे आर्यभूषण थिएटर ही फडांची महत्त्वाची ठिकाणे होती. १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईतील कामगार प्रेक्षकाचा कणाच मोडला. म्हणजे प्रेक्षक घटण्याचे कारण प्रत्येक वेळी माध्यमच होते, असे म्हणता येत नाही.

दूरचित्रवाणी व ध्वनिफीत : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. प्रारंभी गावात एखाद-दुसरा संच असे व शेजारीपाजारी त्यापुढे जमत. १९८७-८८ मध्ये रामायण मालिकेच्या वेळी असे मेळावे देशभर पाहावयास मिळाले. संच घरोघरी झाल्यावर हे मेळावे संपले. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ई-टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या. रात्री करमणुकीसाठी घराबाहेर पडण्याची गरज त्यांमुळे उरली नाही. यातून एक अनपेक्षित लाभही झाला : तमाशाच्या कनातीत न जाणाऱ्या स्त्रियांना लावणी घरात बसून पाहता येऊ लागली व तिच्याभोवतीचा संकोच काही अंशी ओसरला. तथापि घरात आली ती बहुधा रंगमंचीय लावणी. बतावणीतला शिवराळ मोकळेपणा व वगातला गावगाड्यावरील टीकेचा धार असलेला भाग दाराबाहेरच राहिला.

ध्वनिफितींनी १९८० च्या दशकात गाजलेले वग व गवळणी घरोघरी पोहोचविल्या. काही फडांची कीर्ती त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या फिरतीपलीकडे गेली. परंतु कलावंतास ध्वनिमुद्रणाचा मोबदला सामान्यतः एकदाच व ठोक मिळे. फीत किती खपली, याचा हिशेब त्याच्या हाती नसे. ध्वनिमुद्रित कला व तिच्या कर्त्याचे उत्पन्न यांच्यातील ही फारकत इंटरनेटच्या काळात अधिक रुंद झाली, परंतु तिचा आरंभ ध्वनिफितीच्या काळातच झाला होता.

तमाशाच्या कालावधीस मोठी कात्री लावली ती २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यास या नियमांनी मनाई केली. वर्षातील ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास असला, तरी पहाटेपर्यंत रंगणारा वग नियमानुसार अशक्य झाला. वेळ अपुरा पडू लागल्यावर जी अंगे लवकर टाळ्या मिळवितात ती टिकली व वग आखडला.

आर्वी व खोडद : दळणवळणाच्या आधुनिक इतिहासात या परिसराला एक वेगळेच स्थान आहे. नारायणगावाजवळील आर्वी येथे १९७१ मध्ये देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. त्यास पुढे विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. सु. ३० मी. व्यासाच्या आकाशकाद्वारे हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशांशी दूरध्वनी, टेलेक्स व दूरचित्रवाणी संदेशांची देवाणघेवाण येथून होऊ लागली. ज्या समुद्रपार संचरण सेवेचे हे केंद्र, तिचेच १९८६ मध्ये विदेश संचार निगममध्ये रूपांतर झाले व या निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली.

जुन्नर तालुक्यातीलच खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. तीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांपैकी चौदा सु. एक चौ. किमी. क्षेत्रात व उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत. या तबकड्या मध्यवर्ती केंद्रास प्रकाशतंतूंनी जोडलेल्या असून गावात इंटरनेट पोहोचण्यापूर्वीच येथील शेतांखालून प्रकाशतंतूवाहिन्या गेल्या होत्या. मानवनिर्मित रेडिओ लहरींचा उपद्रव येथे कमी होता, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. पुढे मोबाइल सेवा पसरली तेव्हा तिच्या लहरी दुर्बिणीच्या निरीक्षणांस बाधक ठरू नयेत, याची दक्षता घेणे भाग पडले.

आर्वीचे केंद्र लंडनशी बोलत असताना आसपासच्या वाड्यांत दूरध्वनी नव्हता. संदेशवहनाचे जाळे एखाद्या प्रदेशातून जाते, म्हणून त्या प्रदेशातील लोकांस ते उपलब्ध होतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. उपग्रह भूकेंद्र ते शेतकऱ्याच्या खिशातील स्मार्टफोन हे अंतर कापण्यास या परिसराला सु. चार दशके लागली. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात तर मोबाइलचे जाळे आणखी उशिरा व विरळ पोहोचले.

मोबाइल व इंटरनेट : यूट्यूब हे चित्रफितींचे संकेतस्थळ २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. ग्रामीण महाराष्ट्रात त्याचा व अन्य समाजमाध्यमांचा खरा प्रसार २०१६ नंतर, चौथ्या पिढीची मोबाइल सेवा स्वस्त झाल्यावर झाला. त्याचे तमाशावर झालेले परिणाम चार प्रकारचे आहेत.

पहिला परिणाम सुपारीच्या व्यवहारावर झाला. पूर्वी यात्रा कमिटी फडाची ख्याती तोंडोतोंडी ऐकून वा शेजारच्या गावचा खेळ पाहून निर्णय घेई. आता फडाच्या चित्रफिती मोबाइलवर आधीच पाहिलेल्या असतात. बोलणी दूरध्वनीवर होतात, विसार ऑनलाइन पाठविता येतो. नारायणगावच्या राहुट्या अजून लागतात, तथापि तेथे येण्यापूर्वीच निवड पुष्कळशी झालेली असते. नव्या व लहान फडाला यामुळे आपली ओळख करून देता येते, हा लाभ आहे. मात्र एखाद्या फसलेल्या खेळाची फीतही तितक्याच वेगाने फिरते.

दुसरा परिणाम प्रेक्षकांच्या प्रतिसादावर झाला. तरुण प्रेक्षकाचे हात टाळीऐवजी मोबाइल उंच धरण्यात गुंतले. तो खेळ पाहत असतानाच त्याचे चित्रण करतो व अल्पावधीत ते इतरांस पाठवितो. सोंगाड्याची बतावणी तत्क्षणीच्या प्रतिसादावर फुलत असे. एखाद्या गावातील पुढाऱ्याची वा प्रसंगाची थट्टा त्या गावापुरती व त्या रात्रीपुरती राहत असे. आता तीच थट्टा चित्रफितीतून संदर्भाविना कोठेही पोहोचू शकते. बतावणीच्या स्वातंत्र्यावर कायद्याने आले नसते असे बंधन यातून आले.

तिसरा परिणाम सादरीकरणाच्या घाटावर झाला. समाजमाध्यमांवर अर्ध्या-एक मिनिटाच्या चित्रफितीला मागणी असते. ठसकेबाज अदा व गाण्याचे ध्रुवपद तीत मावते, तीन तासांचा वग मावत नाही. समाजमाध्यमांवर नाव झालेल्या नर्तकींचे ध्वनिमुद्रित गीतांवरील कार्यक्रम यात्रांतून तमाशाचे प्रतिस्पर्धी बनले. अशा कार्यक्रमास ढोलकीवाला, सुरते, सोंगाडी, सरदार यांची गरज नसते. ज्या कलेत वीस-पंचवीस माणसे रंगमंचावर परस्परांस सावरून घेत, तिच्या जागी एक कलावंत व एक ध्वनियंत्र उभे राहिले. या बदलाची सर्वाधिक झळ वादकांना व वयस्क कलावंतांना बसली.

चौथा परिणाम याच्या नेमका उलट दिशेचा आहे. इंटरनेटवर वेळेची मर्यादा नसल्याने रात्री दहानंतर प्रत्यक्षात करता न येणारे वग तेथे संपूर्ण पाहावयास मिळतात. जुन्या ध्वनिफितींतील आवाज, दिवंगत सोंगाड्यांच्या बतावण्या, विस्मृतीत गेलेल्या गवळणी रसिकांनी स्वयंस्फूर्तीने संग्रहित करून ठेवल्या आहेत. मुंबईतील वा परदेशातील जुन्नरकर त्या ऐकतो. पूर्वी तमाशास न बसलेल्या स्त्रिया त्या घरी पाहू शकतात. छापील संहिता क्वचितच असलेल्या या कलेचा असा संग्रह कोणत्याही शासकीय योजनेतून झाला नव्हता. मात्र त्यातील फितींवर वर्ष, गाव, कर्ता व कलावंत यांची नोंद बहुधा नसते. त्यामुळे संशोधनाच्या दृष्टीने त्याचे मूल्य मर्यादित राहते.

बैलगाडा शर्यती : यात्रेचे दुसरे आकर्षण असलेल्या बैलगाडा शर्यतींतही प्रेक्षकांचे असेच स्थित्यंतर दिसते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इ. भागांत ही शर्यत चढाच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात होते. बैलांच्या पुढे घोडी धावते व प्रत्येक गाड्याच्या धावेस बारी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने या शर्यतींवर बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्यांस सशर्त अनुमती दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. बंदीपूर्वी घाटाच्या दोन्ही बाजूंस उभा असलेला समुदाय हाच शर्यतीचा प्रेक्षक होता. बंदी उठली तेव्हा स्मार्टफोन घरोघरी पोहोचलेला होता. आता शर्यतींचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर होते, निवेदक घाटातल्या लोकांबरोबर दूरच्या दर्शकांसही उद्देशून बोलतो आणि नामांकित बैलांचे चाहते अन्य जिल्ह्यांतही आढळतात. तथापि येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. शर्यत मोबाइलवर पाहिल्याने घाटातील गर्दी ओसरली नाही, कारण बारीचा निकाल त्या क्षणी अज्ञात असतो व तो प्रत्यक्ष पाहण्याची ओढ टिकते. वगाची कथा मात्र एकदा पाहिली, की ज्ञात होते. त्यामुळे तमाशाला त्याच प्रक्षेपणापासून लाभापेक्षा हानी अधिक संभवते.

महासाथीचा काळ : २०२० साली गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि कोविड-१९ च्या महासाथीमुळे देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवसापासून लागू झाली. यात्रा रद्द झाल्या, ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या. २०२१ मध्ये पाडव्याच्या सुमारासच राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले व दुसरा हंगामही बुडाला. निर्बंध उठले ते एप्रिल २०२२ च्या प्रारंभी, पाडव्याच्या तोंडावर. मधल्या काळात फडांतील अनेकांनी मोलमजुरी, भाजीविक्री असे मिळेल ते काम पत्करले. ज्येष्ठ तमाशा कलावती कांताबाई सातारकर यांचे मे २०२१ मध्ये याच साथीने निधन झाले.

या दोन वर्षांत तमाशाने इंटरनेटचा आश्रय घेण्याचा प्रयत्न केला. रिकाम्या जागेत, प्रेक्षकांविना खेळ करून त्याचे प्रक्षेपण करणे तांत्रिक दृष्ट्या अवघड नव्हते. अडचण दुसरीच होती. सोंगाड्याचे वाक्य प्रेक्षकाच्या हशाने पूर्ण होते. हशा नसता पुढील वाक्य कोठे टाकावे, हे त्याला कळत नाही. शिवाय दर्शकांकडून मिळणारी रक्कम शंभर माणसांच्या फडाच्या खर्चास पुरणारी नव्हती. प्रेक्षकसंख्या व उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महासाथीने स्पष्ट केले.

कलावंतांचे हक्क व उत्पन्न : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ समाविष्ट झाला. नट, गायक, वादक, नर्तक इत्यादींच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण वा चित्रण त्यांच्या संमतीविना करता येत नाही, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हे हक्क अधिक व्यापक केले. कायद्याच्या दृष्टीने यात्रेतील ढोलकीवालाही या हक्काचा धनी आहे. प्रत्यक्षात शेकडो प्रेक्षकांच्या हातांतील मोबाइलपुढे तो हक्क बजावणे फडाच्या आवाक्याबाहेरचे असते.

इंटरनेटवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा वाटा चित्रफीत ज्याच्या वाहिनीवर असेल, त्यास मिळतो. चित्रण करणारा व कलावंत निराळे असल्यास कलावंताच्या पदरी काही पडत नाही. याहून विपरीत असा एक प्रकार आहे. फडाने स्वतःच्या वाहिनीवर खेळ ठेवला व त्यात चित्रपटगीत असले, तर संगीत कंपनीकडे नोंदलेले ते गीत यंत्रणेकडून आपोआप ओळखले जाते व त्या फितीचे उत्पन्न कंपनीकडे वळू शकते. फडाची स्वतःची गवळण वा ढोलकीचा तोडा मात्र कोणत्याही नोंदवहीत नसल्याने तो इतरांनी वापरल्यास ओळखला जात नाही. ज्या लोककलेच्या सुरांवर चित्रपटसंगीत पोसले, तिच्या वारसांनाच आज या संगीताची किंमत मोजावी लागते. अलीकडे काही फडांनी व कलावंतांनी स्वतःच्या वाहिन्या सुरू केल्या असून स्वतःचे वग स्वतः चित्रित करण्याकडे त्यांचा कल दिसतो.

मूल्यमापन : प्रत्येक नव्या माध्यमाच्या आगमनाबरोबर तमाशाच्या अंताचे भाकीत केले गेले. चित्रपट, दूरचित्रवाणी व ध्वनिफीत यांच्या काळातही ते केले गेले व दर वेळी तमाशा रूप पालटून टिकला. म्हणून इंटरनेटने तमाशा संपविला, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. लोकांना तमाशा नको झाला, असेही चित्रफितींच्या दर्शकांकडे पाहता म्हणता येत नाही. बदल झाला आहे तो प्रेक्षक व कला यांच्यातील व्यवहारात. यात्रेतील सुपारी हा एका गावाने एकत्र येऊन कलावंताच्या हजेरीचा केलेला सन्मान होता. तीत गावाचा मानपान होता, जातीची उतरंड होती व कलावंताचे शोषणही होते, परंतु त्याच्या चुलीची सोय गावाच्या वर्गणीतून होत असे. इंटरनेटवरील दर्शकावर असे कोणतेही उत्तरदायित्व नाही. तो अनामिक आहे. जातीची व लिंगभेदाची कुंपणे त्याच्यापुढे गळून पडली आहेत, तसेच देण्याघेण्याचे बंधनही गळून पडले आहे.

ग्रामदैवताच्या यात्रा भरतात व मुंबई-पुण्यास गेलेली माणसे त्यांसाठी गावी परततात, तोवर प्रत्यक्ष जमणारा प्रेक्षक पूर्णतः नाहीसा होण्याची शक्यता कमी आहे. प्रश्न आहे तो वर्षातील उरलेल्या दिवसांचा. चित्रणातून होणाऱ्या प्राप्तीत कलावंतांचा वाटा निश्चित करणे, वगांच्या संहितांची व फितींची तपशीलवार नोंद ठेवणे आणि वगास पुरेसा वेळ मिळेल अशी सोय यात्राकाळात करणे या तीन गोष्टींवर या परिसरातील फडांचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून राहील.